पेटीची दोरी

भाद्रपद लागला की आमच्या घरात सगळ्यात आधी स्टूल सरकल्याचा आवाज होतो. माळ्यावरची आरास खाली काढायची असते. घरातलं कुणी स्टुलावर चढतं, यंदा नातसून मयूरी, नातू खाली उभा राहून स्टूल धरतो आणि मी खुर्चीत बसून दोघांना सूचना देते, ज्या कुणीच ऐकत नाही. एकेक खोकं खाली येतं. थर्माकोलचं देऊळ, विजेच्या माळा, प्लॅस्टिकची जास्वंद, बार्शीच्या बाजारातून हौसेनं आणलेलं आणि आणल्यापासून एकदाही न चाललेलं कारंजं. सगळ्यात शेवटी, पार मागून, टिनाची पेटी येते. ती खाली येताना मात्र मी बोलायची थांबते.

यंदा महालक्ष्म्या उठल्या आणि आवराआवर सुरू झाली. मयूरी त्या पसाऱ्यात कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, रागावू नका, पण हे सगळं परत वर मावणार नाही. माळा भरलाय. यातलं कमी करायला हवं."

"मग कर की," मी म्हटलं.

"मी? मला काय माहीत कुठलं कुणाचं ते! माझं तर यात काहीच नाही."

ती सहज म्हणाली. हातातल्या विजेच्या माळेचा गुंता सोडवता सोडवता म्हणाली. तिच्या लग्नाला वर्षही झालेलं नाही, तिचं म्हणणं खरंच होतं. पण ते वाक्य कानावर पडलं आणि मला आमचं येरमाळ्याचं माळवदाचं घर दिसलं, त्यातली ती मधली खोली दिसली आणि खोलीभर पसरलेल्या आराशीत मांडी घालून बसलेली पंधरा-सोळा वर्षांची मी दिसले. हेच वाक्य तेव्हा मला ऐकवलं गेलं होतं, आणि म्हणणाऱ्या बाईनं ते अजिबात सहज म्हटलं नव्हतं.

पुण्याकडं गौरी म्हणतात. आमच्याकडं महालक्ष्म्या, आणि त्या नुसत्या खड्यांच्या किंवा पाण्याच्या लोट्याच्या नसतात. दोघी बहिणी लुगडी नेसून माणसाएवढ्या उभ्या राहतात, पुढ्यात त्यांची बाळं असतात, धान्याच्या राशी असतात, डोक्यावर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगलेला असतो. तीन दिवस घराला केवड्याचा, आघाड्याचा आणि तळणाचा मिळून एक वास असतो. ज्वारीच्या आंबिलीचा आंबूस वास त्यात मागून येऊन मिसळतो. आजही डोळे मिटून मला कुणी त्या वासात नेऊन बसवलं तर मी सांगेन की आज दुसरा दिवस आहे, पुरण वाटून झालंय आणि घरातली एक तरी बाई कुणावर तरी चिडली आहे.

येरमाळ्याच्या त्या घरात बायका आम्ही चौघी. सासू, म्हणजे आत्याबाई. थोरल्या जाऊबाई, गुरुबाई. नणंद निलाक्का, जी लग्नानंतर दोन वर्षांतच विधवा होऊन माहेरी परत आली होती. आणि चौथी मी. मला नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. मी धाकली.

त्या घरात महालक्ष्म्यांपुढं लाकडी पायऱ्या मांडायचे आणि त्या पायऱ्यांवर आरास. तिथं एक रीत होती. सुनेच्या पहिल्या महालक्ष्म्यांना तिच्या माहेराहून आराशीची एक वस्तू यायची. विकत घेतलेली चालत नसे, आईनं हातानं केलेली लागे. ती वस्तू पायरीवर बसली की सून त्या घरची झाली. लग्नात अक्षता पडायच्या, उंबऱ्यावरचं माप लवंडायचं, सगळं व्हायचं, पण घरातल्या बायकांच्या लेखी खरं आत येणं ते त्या पायरीवर. गुरुबाईंच्या आईनं कागदाच्या लगद्याची फळं केली होती, आंबे, सीताफळं, पेरू, रंग दिलेली. आत्याबाईंच्या आईच्या हातचा लाकडी नंदी होता, त्याच्या कपाळाला विभूतीचे पट्टे होते. त्यांच्याही सासूनं हौसेनं स्वतःच केलेलं आरशांचं तोरण होतं.

आणि निलाक्काचे राघू होते. मण्यांचे, हिरवे, लाल चोचीचे, दोन. ते खरं तर या घरचे नव्हेतच. लेकीच्या पहिल्या महालक्ष्म्यांसाठी आत्याबाईंनीच ते ओवून तिच्या सासरी पाठवले होते. ती परत आली तेव्हा ट्रंकेत लुगड्यांच्या घडीखाली राघूही परत आले. तेव्हापासून ते आमच्या पायरीवर, पण अगदी कडेला, खांबाच्या आड बसायचे. हळदीकुंकवाला बायका आल्या की निलाक्का जशी आत सैपाकघरात जाऊन बसायची, तसेच.

माझी अव्वा, म्हणजे आई, माझ्या लग्नाआधीच गेली होती. माझं माहेर आळंदकडचं, कानडी बोलणारं. घरात बाप आणि दोन भाऊ. पुरुषांना ही रीत कोण सांगणार आणि सांगितली तरी हातानं करणार कोण? लग्नात बापानं मला अव्वाचं इरकल लुगडं दिलं होतं, गर्द हिरवं, तांबड्या पदराचं. "निम्म अव्वंदु," तो म्हणाला. तुझ्या आईचं. त्याच्यापुढं त्याला बोलवलं नाही. ते लुगडं घेऊन मी एवढ्या लांब आले होते, आणि माझ्याजवळ अव्वाचं म्हणून तेवढंच होतं.

पहिल्या महालक्ष्म्यांना आत्याबाईंनी खालच्या पायरीवर माझ्यासाठी जागा सोडली. महालक्ष्म्या आल्या, जेवल्या, तरी जागा मोकळीच. शेवटी त्यांनी तिथं एक नारळ ठेवला. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना ती आरास पाठ होती. त्या पायऱ्यांवरून नजर फिरवत यायच्या आणि नारळापाशी थांबायच्या.

"धाकलीचं कुठं हाय वो?"

"यील की. वाटा लई खराब हाईत ह्या सालाला," आत्याबाई म्हणायच्या.

प्रत्येकीला त्यांनी तेच सांगितलं. मला ठाऊक होतं की काही येणार नाही. त्यांनाही ठाऊक असावं. मी हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभी होते आणि त्या नारळाकडं मान वर करून बघायची मला सोय नव्हती.

वाटा खराब होत्या हे मात्र खोटं नव्हतं. देश स्वतंत्र झाल्याची बातमी आमच्या गावातही आली होती, पण आमच्यावर निजामाचंच राज्य होतं आणि रझाकारांचं नाव ओसरीवर हळू आवाजात निघू लागलं होतं. सासऱ्यांचा ज्वारीचा व्यापार. बाजाराच्या गावाला जाऊन आले की ते जेवायला बसत आणि अर्ध्यावर उठत. महालक्ष्म्या पार पडल्या त्या संध्याकाळी त्यांनी सांगितलं, बायकांनी बार्शीला जायचं. बार्शी म्हणजे निजामाच्या हद्दीपलीकडं. तिथल्या एका ओळखीच्या आडत्यानं वखारीमागच्या दोन खोल्या देऊ केल्या होत्या. एक बैलगाडी, तीत चार बायका, गुरुबाईंची लहान लेकरं, अंथरूण-पांघरूण, शिधा. आणि महालक्ष्म्यांसाठी एक पेटी. आरास एरवी सहा-सात हाऱ्यांत, म्हणजे मोठ्या टोपल्यांत, आणि दोन सांदुकांत ठेवलेली असायची.

"एका पेटीत काय काय घालावं?" गुरुबाईंनी विचारलं.

"मुखवटे तर न्यायाचेच," आत्याबाई म्हणाल्या. "बाकीचं बघून घ्यावं." आणि मग त्या माझ्याकडं वळल्या. "धाकले, पेटी तू भर. आमचा समद्यांचा जीव कशात ना कशात अडकलाय. तुझं ह्यात काय न्हाय. तवा तुझाच हात चालंल."

मला ते लागलं. फार लागलं. त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, कामाचं म्हणून म्हटलं होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं. मी सगळा पसारा मधल्या खोलीत मांडून बसले. मनात म्हटलं, ठीक आहे, माझं काही नाही ना यात, मग बघाच माझा हात कसा चालतो ते.

तो काही चालला नाही. गुरुबाई पहिल्यांदा आल्या. त्या दारातूनच म्हणाल्या, "माझी फळं वर ठिव बरं का. खाली दबत्याल." जणू फळं जाणार हे ठरलेलंच होतं. थोड्या वेळानं परत आल्या आणि म्हणाल्या, "समदी नको. आंबे तरी घे." मग आणखी थोड्या वेळानं आल्या, एक सीताफळ उचलून त्याच्या खवल्यांवरून बोट फिरवत बसल्या आणि सांगू लागल्या की त्यांच्या आईला एका डोळ्यानं दिसत नव्हतं, तरी एकेक खवला तिनं चिमटीनं काढला होता. मी ते सीताफळ न्यायच्या ढिगात ठेवलं. पेरूही ठेवला, कारण तो एकटा मागं राहिला असता. असं करत करत संध्याकाळपर्यंत न्यायचा ढीग ठेवायच्या ढिगाहून मोठा झाला.

निलाक्का राघूंविषयी बोलायलाच आली नाही. मीच विचारलं. ती उंबऱ्यावर बसली होती.

"न्हेऊ नको त्यास्नी," ती म्हणाली. "एकदा माघारी आल्यात ते. आनी किती हिंडवू?"

आत्याबाई तर एकदाही फिरकल्या नाहीत. पण नंदी शोधायला गेले तर तो आधीच ठेवायच्या ढिगात, तोंड भिंतीकडं करून ठेवलेला होता. तो मी तिथं ठेवला नव्हता.

दुसरी अडचण मुखवट्यांची होती. मुखवटे शाडूचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे, नाकाच्या शेंड्याला नुसता धक्का लागला तरी रंग उडणारे. वर्षभर ते ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवत. ज्वारीत दमट लागत नाही, धक्का लागत नाही आणि महालक्ष्मी घरातल्या दाण्यात राहते असंही मानत. पण आता ज्वारी नेता येणार नव्हती. हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे निजामाच्या जकातीचा, नाका होता आणि निजामाच्या राज्यातला दाणा बाहेर न्यायला बंदी होती. कडबा भाद्रपदात ओला, कापूस अजून बोंडात. मुखवटे गुंडाळायचे कशात?

तेव्हा माझं लक्ष चिंध्यांकडं गेलं. प्रत्येक वस्तू कशात ना कशात गुंडाळलेली होती. जुन्या लुगड्यांचे तुकडे, खणाचे तुकडे, विरलेले, मऊ. मी सगळ्या वस्तू उघड्या केल्या आणि चिंध्यांचा ढीग केला. मुखवट्यांना याहून मऊ काय मिळणार? मी एक तुकडा ताणून बघत होते, किती दम आहे ते, तेवढ्यात निलाक्का उंबऱ्यावरून उठून आत आली.

"हळू," ती म्हणाली. "ती आज्जी हाय."

मला काही कळेना. मग ती माझ्याजवळ बसली आणि एकेक तुकडा हातात घेऊन सांगू लागली. हा आजीच्या लुगड्याचा, तोरण तिचं म्हणून तिच्यातच बांधायचं. हा आत्याबाईंच्या आईचा, नंदीवरचा. हा गुरुबाईंच्या आईचा, बघ एका डोळ्याच्या बाईनं घातलेला टाका, वाकडा गेलाय. ज्या बाईनं वस्तू केली तिच्या अंगावरच्या कपड्यात ती ठेवायची. वस्तू फुटते, रंग जातो, दुरुस्त करतात, आरशाच्या जागी दुसरा आरसा लावतात. कापड मात्र बदलायचं नाही. राघूंवरची चिंधी तिनं सांगितली नाही. तिचा रंग मी ओळखला, तसलंच लुगडं आत्याबाई अजून नेसत होत्या.

मग माझा हात चालला. न्यायचा अख्खा ढीग मी ठेवायच्या ढिगात लोटला. फळं, तोरण, सगळं. पेटीत दोन मुखवटे, बाळांचे मुखवटे आणि झाडून सगळ्या चिंध्या. गुरुबाई बघायला आल्या तेव्हा त्यांना धक्काच बसला. "चिरगुटं न्हेती व्हय ही? आन् माझे आंबे?" त्या ओरडल्या. मी त्यांच्या हातात त्यांच्या आईचा वाकड्या टाक्याचा तुकडा दिला. त्या तो धरून उभ्या राहिल्या आणि मग त्यांनीच तो थोरल्या महालक्ष्मीच्या गालाला लावून पेटीत ठेवला.

बाकीचं पेवात ठेवायचं ठरलं. पेव म्हणजे अंगणातला ज्वारीचा खोल खड्डा, तोंडाशी माणूस उतरेल एवढा आणि खाली पोटात खोलीएवढा. त्या वर्षीची ज्वारी सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत गेली होती, पेव रिकामं होतं. आत्याबाईंनी एवढंच म्हटलं की पावसाचे दिवस आहेत. सासरे हसले. "ज्वारी चार-चार वर्सं ऱ्हाती तितं. तुमचे राघू ऱ्हाणार न्हाईत व्हय?" दाण्यात जन्म गेलेल्या माणसाचं बोलणं, त्यावर कोण काय म्हणणार? हारे उतरवले, वरून फरशी, फरशीवर माती, मातीवर शेणसडा. सकाळी कुणाला कळलंही नसतं की तिथं काही आहे.

मी त्या दिवशी अव्वाचं इरकल नेसले. ते मागं ठेवून जायची माझी छाती झाली नाही. बैल घाटाकडं लागले तेव्हा आत्याबाईंनी येडाईच्या डोंगराकडं वळून हात जोडले. निलाक्काच्या मांडीशी पेटी होती. तिची कडी जुनीच तुटलेली, म्हणून अंबाडीच्या दोरानं करकचून बांधलेली. दिवसभर झिमझिम होती. दोर भिजून फुगला, गाठी दगड झाल्या.

नाक्यावर गाडी थांबवली. पांढऱ्या दाढीचा एक शिपाई होता, छत्रीखाली. त्यानं गाडीतलं सगळं हातानं चाचपलं आणि पेटीवर काठी वाजवली.

"क्या है माँ इसमें? ज्वार तो नै ना?"

आत्याबाईंनी मान हलवली. पण ज्वारीच्या व्यापाऱ्याच्या घरातली पेटी म्हटल्यावर नुसत्या मानेवर कोण विश्वास ठेवणार? त्यानं गाठ सोडायचा प्रयत्न केला, ती सुटेना, तेव्हा चाकू काढला आणि दोर तीन-चार ठिकाणी कापला. झाकण उघडून हात आत घातला. वरची चिंधी बाजूला झाली आणि धाकट्या महालक्ष्मीचा चेहरा दिसला, डोळे उघडे, कुंकू ताजं. त्यानं हात असा मागं घेतला की छत्रीच कलली.

"सो रए क्या?" तो हळू म्हणाला. "ढाँक देव माँ, ढाँक देव. पानी लगता."

मी चेहऱ्यावर चिंधी घातली. तो बिचारा आता कापलेल्या दोराचे तुकडे गोळा करून एकाला एक जोडायला लागला, पण भिजलेल्या अंबाडीचे ते तोकडे तुकडे पेटीला पुरेनात. पुढं घाटाची उतरण. गाडी एकदा जोरात आपटली असती तर झाकण उघडून दोघीही दगडांत पडल्या असत्या. गाडीतल्या सगळ्या दोऱ्या अंथरुणाला लागलेल्या. आत्याबाई माझ्याकडं नाही, कुणाकडंच नाही, पेटीकडं बघत होत्या.

मी पदराची कड दातात धरली आणि ओढली. जुनं कापड, पण पदर घट्ट विणीचा. तो फाटला तेव्हा केवढा तरी आवाज झाला, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. वीतभर रुंदीची तांबडी पट्टी निघाली. ती पिळून मी पेटीला दोन वेढे दिले आणि गाठ मारली.

"अगं बया, पदर फाडला की हिनं!" गुरुबाईंनी तोंडावर हात घेतला. "सवाष्ण बाई तू!"

मला रडू येत होतं, पण ते पदराच्या अपशकुनाचं नव्हतं. एवढ्या लांब सांभाळून आणलेलं अव्वाचं लुगडं मी माझ्याच दातांनी फाडलं होतं, आणि ज्या पेटीत माझं काही नव्हतं तिच्यासाठी. आत्याबाईंनी माझ्या उरलेल्या पदराकडं एकदा बघितलं. मग गाडीवानाला म्हणाल्या, "हाक."

बार्शीत आम्ही वर्षभर राहिलो. वखारीतल्या मिरचीच्या पोत्यांनी भिंतीपलीकडून शिंका यायच्या. पुरुष पुढं-मागं आले. आमच्यासारखी निजामाच्या हद्दीतली आणखी कितीतरी माणसं त्या गावात दाटली होती, आणि जो तो मागं काय राहिलं तेच बोलायचा. गुरुबाई आंब्यांविषयी बोलायच्या. आत्याबाई काही बोलत नसत. माझ्या फाटक्या पदराविषयी तर त्यांनी वर्षभर एक अक्षर काढलं नाही, आणि त्यांच्या मनात काय आहे या धास्तीनं मी ते लुगडं परत नेसलेच नाही.

पुन्हा भाद्रपद आला. दोन खोल्यांत महालक्ष्म्या उभ्या राहिल्या. पायऱ्या म्हणून मिठाचे खोके मांडले, पण पायऱ्यांवर ठेवायला काहीच नव्हतं. बाहेर आघाडा, दूर्वा मिळाल्या, फुलोरा केला, तरी मागची भिंत उघडीबोडकी, मिरचीच्या धुळीनं लालसर. तेव्हा आत्याबाईंनी महालक्ष्म्यांच्या मागं या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत सुतळी बांधली आणि पेटीतल्या चिंध्या एकेक करून तिच्यावर टाकल्या. आजूबाजूच्या बायका हळदीकुंकवाला आल्या होत्या, त्या बघतच राहिल्या.

"ही माझी सासू," आत्याबाई म्हणाल्या. "ही माझी आई. ही गुरुबाईची आई. ही मीच, लेकीसाठी." निलाक्का दारात होती. आत्याबाईंनी तिला हाक मारून आत बोलावलं आणि राघूंवरची चिंधी तिच्याच हातानं टाकायला लावली.

मग त्या पेटीपाशी गेल्या. वर्षभर पेटीला ती तांबडी पट्टीच बांधलेली होती, उघडताना सोडायची, मिटताना बांधायची. मी तिच्याकडं दोरी म्हणूनच बघायला शिकले होते. आत्याबाईंनी ती उचलली, झटकली, तिच्या सुरकुत्या तळहातानं मांडीवर सारख्या केल्या आणि सुतळीवर अगदी मधोमध टाकली.

"आन् ही धाकलीची आई," त्या म्हणाल्या. "हिनं समद्यास्नी बांधून आणलं."

मी तबक खाली ठेवलं आणि सगळ्यांसमोर रडले. आता मान वर करून बघायला काही हरकत नव्हती. त्या वर्षी नारळ पायरीवर नव्हता, तो जिथं असायला हवा तिथं, कलशावर होता.

त्याच भाद्रपदात निजामाचं राज्य गेलं. दिवाळीनंतर आम्ही येरमाळ्याला परतलो. पेवाची फरशी काढली, आत कंदील सोडून हवा बघितली आणि मग गडी उतरला. त्यानं वर दिलेला पहिला हारा बघून गुरुबाई मट्‌कन खाली बसल्या. आंबे कुठले आणि सीताफळं कुठली, सगळ्याचा मिळून एक चिखल. आरशांचा पारा उडालेला, नंदी फुगून उभा चिरलेला. राघूंचा दोरा कुजून मणी हाऱ्याच्या तळाला सांडलेले. सासरे पेवाच्या काठावर उभे होते, पडलेल्या तोंडानं. "ज्वारीला तर कदी काय झालं न्हाय," ते म्हणाले.

"ज्वारी सोताला सांबाळती," आत्याबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "ह्यास्नी तितं कोण व्हतं?"

निलाक्कानं चाळणीनं तो चिखल चाळला, मणी धुतले आणि दोन बारक्या माळा ओवल्या. त्या तिनं बाळांच्या गळ्यात घातल्या. राघू पुन्हा केले नाहीत. पण पुढच्या वर्षी हळदीकुंकवाला ती सैपाकघरात गेली नाही, बाळांशेजारी बसली. कुणाला काही म्हणायचं असलंच तर ते आत्याबाईंसमोर म्हणायची प्राज्ञा नव्हती.

या सगळ्याला आता एवढी वर्षं झाली. त्या बायका एकेक करून गेल्या. आत्याबाईंच्या लुगड्याचा आणखी एक तुकडा पेटीत आला, मग निलाक्काचा, मग गुरुबाईंचा. घर येरमाळ्याहून धाराशिवात आलं, माळवदाचं स्लॅबचं झालं. आरास पुन्हा वाढली, कारण ती वाढतेच. सुना-नातवंडं दरवर्षी काहीतरी आणतात, आणि आणलेलं टाकवत नाही. मी कुणाला नावं ठेवत नाही, त्या कारंज्याला सोडून. तांबडी पट्टी मात्र मी कधी पेटीच्या आत जाऊ दिली नाही. तीन दिवस मधोमध टांगायची, चौथ्या दिवशी पेटीला बांधायची. बाकीच्या आत विसावल्या होत्या. अव्वानं बाहेर राहून काम करावं आणि तिला दरवर्षी कुणाचा तरी हात लागावा, असं मला वाटायचं. आणि खरं सांगायचं तर ती आत गेली की माझंही आत जायचं आलं, हेही मनात असणारच.

यंदा मयूरी पसारा कमी करत बसली आणि मी खुर्चीतून हे सगळं तिला सांगत गेले. आधी ती हसत होती, मग हळूहळू तिचे हात मंदावले. थर्माकोलचं देऊळ शेजारच्या मुलांना द्यायचं ठरलं. माळांपैकी दोन ठेवल्या. कारंज्याला अखेर निरोप मिळाला. दिवेलागणीपर्यंत पेटी आणि एक खोकं एवढंच उरलं. मुखवटे गुंडाळताना ती प्रत्येक तुकड्याला विचारत होती, "ह्या कोण, आजी?" आणि मी सांगत होते.

शेवटी ती तांबडी पट्टी घेऊन उभी राहिली. तिचा तांबडा रंग आता विटकरीही राहिलेला नाही, आणि गाठीपाशी सूत इतकं विरलंय की पलीकडचं दिसतं.

"आजी, ही आता पुढच्या वर्षी तुटेल."

"तुटेल," मी म्हटलं. "ती आत ठेव आता."

तिनं माझ्याकडं बघितलं. पट्टीची घडी घातली, आत्याबाईंच्या तुकड्याशेजारी ठेवली आणि झाकण लावलं. झाकण अर्थातच वर आलं, कडी काही आम्ही इतक्या वर्षांत बसवली नाही. ती घरभर दोरी शोधून आली, कुठं सापडेना. मग दाराच्या मागं अडकवलेली तिची ओढणी तिनं ओढून काढली, तिच्या आईनं घेऊन दिलेली, निळी, बारीक आरशांची, आणि पेटीला दोन वेढे देऊन गाठ मारली.

"तात्पुरती हं," ती म्हणाली. "उद्या चांगली नायलॉनची दोरी आणते."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना तिनं आठवणीनं दोरी आणलीही. चांगली होती, हिरवी, मजबूत. मी ती नातवाकडून गॅलरीत बांधून घेतली. कपडे वाळत घालायला दोरी हवीच होती.